कागदाची चमक ओळखा: घाबरत रंगवणाऱ्यांसाठी जलरंग

रविवारी सकाळी वेंगुर्ल्याला माझ्या पडवीत पाच-सहा जण रंगवायला बसतात. सगळे चाळिशी ओलांडलेले. पहिल्या दिवशी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बाई, माका नाय जमाचा. माझो हात थरथरता." त्यांचा तोच हात रोज बिडाच्या तव्यावर घावणे घालतो. पीठ ओतून झालं की वहिनी हात मागे घेतात. जाळी आपली आपण पडते, आणि मध्येच उलथनं खुपसलं तर घावणं फाटतं. जलरंगातही ओतणं आपल्या हातात असतं, पुढचं पाणी करतं. हे त्यांना तव्यावरून पटलं, नुसतं सांगून पटलं नसतं.

भीती येते ती शाळेतून. पेन्सिलीने रेषा काढा, आत रंग भरा, रेषेबाहेर गेला की गुण गेले. मीही वर्गात बरीच वर्षं असंच शिकवलं. पोस्टर रंगाला ते चालतं. पाण्याला रेषा कळत नाही, त्याला फक्त ओलं आणि कोरडं कळतं. म्हणून मी आता आधी कागदाचा ओलावा ओळखायला शिकवते, चित्र नंतर.

सामान थोडंच घ्या, पण कागदावर कंजुषी करू नका. शाळेच्या वहीचा पातळ कागद पाणी पडताच फुगतो, खळग्यात रंग साचतो आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, किंचित खरखरीत असा जलरंगाचा कागद आणा आणि एका तावाचे आठ तुकडे करा. ब्रश एकच, गोल, १० किंवा १२ नंबरचा. लहान ब्रश हातात आला की आपण कोरीवकाम करायला लागतो. ट्यूब चार: अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एक पिवळा, एक क्रिमझन (गडद लाल). काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की सुंदर राखाडी मिळतो. निळा जास्त घातला तर जूनमधले ढग, सिएना जास्त घातला तर पावसात भिजलेला चिरा. या दोन रंगांवर आमचं अर्धं कोकण निघतं. रंग कालवायला चिनी मातीची पांढरी बशी, पाण्याची दोन भांडी (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ) आणि जुन्या सुती साडीचा तुकडा एवढं पुरे.

पहिल्या दिवशी चित्र काढायचंच नाही. कागद फळीवर चिकटपट्टीने लावा आणि फळीच्या वरच्या कडेखाली दोन बोटं उंचीचं पुस्तक सरकवा. पूर्ण कागद स्वच्छ पाण्याने भिजवा. मग डोळे कागदाच्या पातळीला आणून तिरकं बघा.

सुरुवातीला पाणी साचलेलं दिसेल. आता रंग टाकला तर तो वाहून जाईल. थोडं थांबलात की सगळ्या कागदावर सारखी, ओल्या फरशीसारखी चमक येते. ही वेळ ढगांची. ब्रश रंगात भरा, कागदाला टेकवा, उचला. रंग स्वतः पसरेल. फळी डावीकडे कलवा, उजवीकडे कलवा. मग चमक मावळू लागते, कागद जुन्या रेशमासारखा मंद दिसतो. आता घट्ट रंग लावला तर मऊ कडेची झाडी मिळते, लांबच्या डोंगरावर असते तशी. पण याच वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकला तर ते पाणी आधीचा रंग ढकलत जातं आणि फुलकोबीसारखी कडा उठते. नवशिक्यांचे निम्मे कागद इथेच बिघडतात. एकच गोष्ट लक्षात ठेवा: कागद जितका ओला, त्याहून ब्रश कमी ओला हवा. त्यासाठी प्रत्येक वेळी ब्रश साडीच्या तुकड्याला टेकवायची सवय लावा.

नंतर चमक पूर्ण जाते आणि कागद कोरडा वाटतो. तो कोरडा नसतो. हाताची मागची बाजू हलकेच टेकवा. गार लागला तर आत ओल आहे, हात लावू नका. गार लागेनासा झाला की पुढचा थर द्या, त्याची कडा स्वच्छ येईल.

या सगळ्याला किती वेळ लागतो, ते हवा ठरवते. एप्रिलच्या दुपारी माझ्या पडवीत चमक पाच मिनिटांत जाते, जुलैत तोच कागद अर्धा तास ओला राहतो. देशावरच्या कुणी शिकवलेली मिनिटं इथे उपयोगी पडत नाहीत. घड्याळ नको, चमक बघा. पावसाळा घाबरणाऱ्यांना जास्त मानवतो असं मला वाटतं, कारण विचार करायला सवड मिळते. थांबायच्या वेळात चहा ठेवा किंवा दुसरा तुकडा भिजवा. एका वेळी तीन तुकडे हाताशी असले की एकाच कागदाला छळलं जात नाही.

खेळायचं असेल तर चमक उतरायला लागताच जाड्या मिठाचे चार-पाच खडे टाका. मीठ आजूबाजूचं रंगीत पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर झटकलं की फिकट तारे उरतात. पावसाळ्यात बरणीतलं मीठच पाणावलेलं असतं, त्यामुळे आधी तव्यावर जरा शेकून घ्या.

आता चित्र. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, दोरीने ओढतात ती माणसं रंगवा. इतकी माणसं म्हटल्यावर छातीत धस्स होतं, पण सोपं आहे. सपाट किनाऱ्यावर तुम्ही उभे असाल तर जवळच्या आणि लांबच्या, सगळ्या उभ्या माणसांची डोकी जवळपास क्षितिजाच्या रेषेवर येतात. लांबचा माणूस लहान होतो म्हणजे त्याचे पाय वर येतात, डोकं खाली जात नाही. ओढताना वाकलेल्यांची डोकी जरा खाली येतील. क्षितिजाची एक फिकट रेघ काढा आणि पेन्सिल बाजूला ठेवा. आकाश, समुद्र, वाळू हे थर देऊन पूर्ण वाळवा. मग डोक्याला एक ठिपका, किंचित जागा सोडून धडाला एकच फटकारा, वर रुंद, खाली निमुळता, गाजरासारखा. पाय काढू नका. ओल्या धडाला शेजारचं धड चिकटलं तर चिकटू द्या. दोरी ओढणारी माणसं लांबून तशीच एकजीव दिसतात. कुठे लाल, कुठे निळा ठिपका सोडा. दोरी शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने एका दमात ओढा. तुटली तर जोडू नका, डोळा जोडतो.

ब्रश दांड्याच्या मागच्या टोकाकडे धरा आणि शक्य असेल तर उभं राहून रंगवा, म्हणजे खांदा हलतो आणि बोटं आखडत नाहीत. हात थरथरत असेल तर रापणीच्या गर्दीला ते चांगलंच आहे.

पांढरा रंग लागतो कुठे, असं सगळे विचारतात. लागत नाही. लाटेचा फेस, होडीच्या काठावरचं ऊन, हे सगळं न रंगवलेला कागद असतं. चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर इथे जवळच सावंतवाडीला १८८२ साली जन्मले. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि ते जलरंगातलं आहे. बोटांआडून येणारा तो उजेड बघितलात की पारदर्शक रंगाची ताकद कळेल. पारदर्शक थरातून प्रकाश कागदापर्यंत जातो आणि परत येतो, म्हणून तो थर उजळतो. तोच थर पाच वेळा घासला की कागदाचा उजेड बुजतो आणि रंग मळतो.

चूक झाली तर ओलं असतानाच, ब्रश धुऊन पिळून, त्या जागी एकदा टेकवा. तो रंग पिऊन घेतो. एकदाच. नाही निघालं तर सोडून द्या आणि पुढचा तुकडा घ्या. वाळल्यावर रंग फिका होतो, म्हणून कालवताना वाटतो त्यापेक्षा गडद घ्या.

इथल्या हवेत कागद जपावा लागतो. दमट कपाटात वर्ष काढलेल्या कागदावरचं सरसाचं आवरण बिघडतं, मग रंग लावला की तो टीपकागदासारखा ठिपक्या-ठिपक्यांनी पितो. माझा एक आख्खा गठ्ठा असा गेला, फार हळहळ वाटली. आता घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. रंगाची बशीही सुकल्याशिवाय झाकू नका, बुरशी येते.

वाळलेल्या प्रत्येक तुकड्यामागे तारीख, हवा आणि चमक जायला लागलेला वेळ लिहा. वहिनींच्या पहिल्या तुकड्यामागे लिहिलंय: श्रावण, सर येऊन गेलेली, पंचवीस मिनिटं. पुढच्या बाजूला नुसता निळा आहे, मधोमध एक फुलकोबी उठलेली. तो त्यांनी स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याच्या वर लावलाय.