आयपी कॅमेरे घेताय? कोटेशनवर सही करण्याआधी या चुका टाळा

सोसायटीच्या मीटिंगमध्ये आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या, कॅमेऱ्यांचं कोटेशन आलं की सगळे आधी खालची रक्कम बघतात. घोळ मात्र वरच्या ओळींत असतो.

सगळ्यात महागात पडते ती हार्ड डिस्क. ‘आठ कॅमेरे, २ टीबी, महिनाभराचं रेकॉर्डिंग आरामात’ असं तोंडी सांगितलं जातं. हिशेब करून बघा. एका कॅमेऱ्याचा बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) ४ एमबीपीएस धरा, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठने भागलं की अर्धा मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे एका कॅमेऱ्याचे रोज ४३ जीबी, आठांचे साधारण ३४५. सहाव्या दिवशी डिस्क भरते आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा रेकॉर्डर) गुपचूप जुनं पुसून नवं लिहू लागतो. सायकल चोरीला गेल्याचं दहा दिवसांनी कळलं, तर बघायला काही उरत नाही. एच.२६४ ऐवजी एच.२६५ ही व्हिडिओ जास्त दाबून साठवणारी पद्धत निवडून बिटरेट निम्मा केला, तरी महिन्याला सव्वापाच टीबी लागतात. तेव्हा ६ टीबीची, तीही सर्व्हेलन्ससाठी बनवलेली डिस्क मागा.

दुसरी चूक मेगापिक्सेलवर भाळण्याची. गेटवर २.८ एमएम लेन्सचा २ मेगापिक्सेल कॅमेरा लावला, तर १० मीटरवर त्याला जवळपास २० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. १,९२० पिक्सेल त्यात वाटले की मीटरला शंभरसुद्धा येत नाहीत. अनोळखी माणसाची ओळख पटवायला मीटरला २५० लागतात. मग फुटेजमध्ये ‘कोणीतरी’ दिसतं, कोण ते कळत नाही. १० मीटरवरच्या गेटला ८ एमएमची (जवळ असेल तर ६), म्हणजे अरुंद पट्टा दाखवणारी लेन्स घ्या, २.८ पार्किंगवर नजर ठेवायला ठीक.

दिवसा सगळं छान, अंधार पडला की दोन-तीन कॅमेरे बंद-चालू होतात? कॅमेरा बदलायची घाई नको. रात्री इन्फ्रारेड एलईडी पेटले की कॅमेरा जास्त वीज ओढतो. पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) एका पोर्टला १५.४ वॉट देतो असं लिहिलेलं असतं, पण आठही पोर्टना मिळून त्याचं बजेट ६० वॉटच असू शकतं. ते ठीक असेल तर केबल तपासा. तांब्याचा नुसता मुलामा असलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल लांब ओढली की व्होल्टेज पडतं. अस्सल तांब्याची असली तरी मर्यादा १०० मीटरच.

कॅमेरा एका कंपनीचा आणि एनव्हीआर दुसऱ्या कंपनीचा असेल, तर दोन्हीवर ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळवणारं मानक) आहे ना ते बघा. चित्र दिसलं तरी मोशन अलर्ट येईलच असं नाही, त्यामुळे पैसे देण्याआधी चालवून दाखवायला सांगा. दोन कॅमेरे आळीपाळीने गायब होत असतील तर बहुधा दोघांना एकच आयपी पत्ता दिला गेलाय.

आणि पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने लाखो उपकरणं ताब्यात घेतली, त्यांत आयपी कॅमेरे आणि डीव्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डर) भरपूर होते. आत शिरायला त्याला कारखान्यातून आलेले तयार पासवर्ड पुरले. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. मोबाइलवर बघता यावं म्हणून त्याने राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचे रस्ते) उघडे ठेवले असतील, तर तो जाण्याआधी बंद करून घ्या.