घरच्यांसाठी जुनी शिडाची होडी घ्यायची तर

जुनी शिडाची होडी घ्यायचं मनात आलं की आधी घरातलं सगळ्यात नाखूश माणूस कोण ते बघा. होडी त्याच्यासाठी घ्यायची. आमच्या घरी ते माणूस म्हणजे माझा नवरा. पाय ओले झालेले चालत नाहीत, होडी जराशी कलली की दोन्ही हातांनी काठ धरून बसतो आणि थोड्या वेळाने "आता वळू या का?" सुरू. मुलांचं काय, ती टोपलीत बसवून सोडली तरी खूश असतात. पण नाखूश माणूस एकदा वैतागून परत आलं की पुढच्या सुट्टीत होडी ताडपत्रीखालीच राहते. ओळखीतलं कोणी होडी बघायला निघालं की मला सोबत नेतात, आणि माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुमच्याकडचा नाखूश कोण?

या एका प्रश्नाने निम्म्या जाहिराती बाद होतात. लेझर ही 14 फुटी होडी जुन्या बाजारात जिकडेतिकडे दिसते, भावही बरा असतो. पण ती एकट्याने पळवायची होडी आहे. तिच्यात बसत नाहीत, तिच्यावर बसतात, आणि सगळं अंग भिजतं. होबी 16 म्हणजे दोन निमुळत्या तळांमध्ये ताणलेली जाळी. तरुण पोरांची धमाल, आजीचं काम नव्हे. मिरर जेमतेम 11 फुटांची. एक मोठं माणूस आणि दोन मुलं मजेत मावतात, चौघे मोठे बसले तर कोपरं एकमेकांना लागतात. दुसऱ्या टोकाला कॅटलिना 22 सारख्या केबिनच्या होड्या. फोटोत आतला बिछाना बघून लोक विरघळतात. पण तिचं वजन टनाच्या घरात, डोलकाठी उभी करायला दोन-तीन जण हवेत, म्हणून बहुतेक जण ती पाण्यातच ठेवतात. आणि जागेचं भाडं काही वर्षांतच होडीच्या किमतीला गाठतं. दिवसाच्या सहलीला जाऊन संध्याकाळी घरी यायचं असेल तर केबिनचा मोह सोडा.

माझं मत सरळ आहे: 14 ते 18 फुटांची, रुंद, उघडी होडी, बसायला बाकं असलेली आणि मधला बोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारी उभी फळी, वर उचलता येणारी. बोर्ड उचलला की उथळ पाण्यात मुलांना गुडघाभर पाण्यात उतरवता येतं. वेफेअरर हे माझं आवडतं उदाहरण. इअन प्रॉक्टरने 1957 साली आखलेली, पावणेसोळा फुटांहून थोडी मोठी, नुसत्या होडीचं वजन 170 किलोच्या आसपास. फ्रँक डाय नावाचा गृहस्थ 1963 साली एका साथीदाराला घेऊन अशाच होडीतून स्कॉटलंडहून आइसलंडला गेला होता. तुम्ही जाऊ नका. पण होडीत किती दम आहे ते यावरून कळतं. डे सेलरला पुढे छोटं छप्पर असतं, पिशव्या आणि झोपाळलेलं पोर तिथे जातं. ड्रॅस्कम लगर जड आणि संथ, पण तिच्या मुख्य शिडाला खाली आडवा दांडा, म्हणजे बूम, नसतोच. डोक्यावर काही फिरत नाही म्हटल्यावर नाखूश माणसाचा चेहरा बदलतो. नाव माहीत असलेली, शेकड्यांनी बनलेली होडी घेण्यात आणखी एक सोय असते: सुकाणूची मोडलेली खीळ किंवा जुनं शीड बदलायची वेळ आली की मापं आणि सुटे भाग मिळतात. कोणीतरी हौसेने घरी बनवलेली एकुलती एक होडी कितीही सुबक असली तरी ती त्या हौशी माणसालाच परवडते.

वेगाची फार चिंता करू नका. असल्या होडीचा तळ पाण्याला टेकतो ती लांबी 16 फूट धरली तर पाणी कापत जाण्याचा वेग साडेपाच नॉटपाशी, म्हणजे ताशी 10 किलोमीटरला अडतो. घरचे आणि पिशव्या भरल्यावर तीन-चार नॉट मिळाले तरी छान.

आता बघायला जाताना. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की डोलकाठी चढवून ठेवू नका, आमच्यासमोर चढवा. आणि घड्याळ बघा. सवयीच्या माणसाला अर्धा-पाऊण तास लागला तर ठीक. तो स्वतःच तासभर दोऱ्यांशी झटत बसला तर तुम्ही दोन तास झटाल आणि तोवर मुलं रडायला लागतील. सगळ्यात जास्त वापरली जाणारी होडी ही सगळ्यात लवकर तयार होणारी असते.

मग सगळ्या घराला होडीत बसवा, जमिनीवरच. ट्रेलरच्या चाकांना आधी दगड लावा आणि मागच्या बाजूला भक्कम टेकू द्या, नाहीतर सगळे मागे बसल्याबरोबर ट्रेलर नाक वर करून उलटतो. सगळे बसले की बूम हाताने धरून सावकाश या काठावरून त्या काठावर न्या. कोणाचं डोकं लागतं? वाकायला लागतं तेव्हा गुडघे कुठे जातात? सुकाणू धरणाऱ्याला मांडी घालायला जागा उरते का? पाच मिनिटांचं काम आहे, पण हे न करता होडी घेतलेले लोक मी खूप पाहिलेत.

माझ्या पिशवीत विजेरी, स्पंज, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, लोहचुंबक आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा असतो. फायबरग्लासची होडी असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिच्यावर हलके ठोकत जा, वीतभर अंतराने. चांगल्या जागी कोरडा, टणक 'टक' येतो. आतले थर सुटले असतील किंवा मधल्या लाकडात पाणी मुरलं असेल तिथे आवाज एकदम बसतो, 'थप' होतो. डोलकाठी जिथे टेकते ती जागा आणि डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा जिथे होडीला अडकवतात त्या पट्ट्यांभोवती जास्त वेळ द्या. पायाने दाबल्यावर तिथे होडीचा पृष्ठभाग दबत असेल तर मी पुढे बघतही नाही. वरच्या चकाकीवरच्या केसासारख्या बारीक चिरा बहुतेक वेळा नुसत्या दिसायला वाईट असतात. पण एका बिंदूपासून चांदणीसारख्या फुटलेल्या चिरा दिसल्या तर तिथे दणका बसलाय असं समजा आणि आतल्या बाजूने विजेरी मारून बघा. विकायच्या आधी नुकताच रंग लावलेला तळ दिसला की वरून कीर्तन आतून तमाशा नाही ना, हे मी दुप्पट बारकाईने पाहते.

बोर्ड वरखाली होतो त्या उभ्या पेटीचा खालचा सांधा हे गळतीचं नेहमीचं ठिकाण. होडीला नीट आधार असेल तर आत दोन बादल्या पाणी ओता आणि खाली वाकून कुठून ठिबकतं ते बघा. बोर्ड धरून बाजूला हलवा. खडखडला तर त्याची खीळ झिजली आहे. त्यानंतर हवेच्या टाक्या. होडी उलटली तर तुम्हाला तरंगत ठेवणाऱ्या याच, आणि लोक बघत नाहीत त्या याच. झाकण उघडून आत हात घाला. तळाशी पाणी, कुबट वास, स्पंज ओला झाला, तर कुठेतरी फट आहे. टाकीऐवजी आत फोमचे ठोकळे असतील तर होडीचं मागचं टोक उचलून बघा. पाणी प्यायलेला जुना फोम वाळता वाळत नाही आणि होडी विनाकारण जड होते.

लाकडी होडी दिसायला फार देखणी. हिवाळाभर घासायची हौस घरात कोणाला असेल तरच.

आता शिडं, कारण खरा पैसा इथे जातो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात ते जुन्या होड्यांना तंतोतंत लागू पडतं: होडी मिळते स्वस्तात आणि नव्या शिडांची किंमत विचारली की घाम फुटतो. शीड स्वच्छ जमिनीवर पूर्ण पसरा. डॅक्रॉन या पॉलिएस्टर कापडाचं शीड चांगलं असलं की हातात कुरकुर वाजतं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीसारखं लागलं तर त्याचं वय झालंय. शिवणीच्या धाग्यावर अंगठ्याचं नख घासा. उन्हाने जळालेला धागा तेवढ्यानेच तुटतो. नुसती शिवण गेली असेल तर पुन्हा मारून घेता येते, कापडच गेलं असेल तर इलाज नाही. आणि हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. ताणून पिशवी झालेल्या शिडाने होडी वाऱ्यात जास्त कलते, पुढे मात्र कमी जाते. घरच्यांना नेमकं हेच नको असतं.

शीड छोटं करायची सोय, म्हणजे रीफ, मुख्य शिडावर आहे का तेही तिथेच बघा. शर्यतीच्या होड्यांना बरेचदा नसते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे मुलं सोबत असताना ही सोय हवीच. नसेल तर शिडं शिवणारा बसवून देतो, तो खर्च किमतीत धरा.

तारांवरून सुती कापड फिरवा, बोट नाही. कापड अडकलं की तिथे एक सर तुटलेला आहे आणि ती तार बदलायची. डोलकाठी आडवी ठेवून एका टोकाकडून डोळा लावा, वाक लगेच दिसतो. ॲल्युमिनियमच्या काठीवर स्टीलच्या रिबिटांभोवती पांढरी भुकटी जमली असेल तर धातू खातोय. चुंबक घट्ट चिकटला तर 'सगळं स्टेनलेस आहे हो' या वाक्यावर भरवसा ठेवू नका. दोऱ्या कितीही कळकट असोत, त्या स्वस्तात बदलतात.

ट्रेलर होडीपेक्षा वाईट अवस्थेत सापडणं नेहमीचंच, खाऱ्या पाण्यात बुडवून बुडवून. चाक वर उचलून फिरवा, वरखाली धरून हलवा. घरघर आली किंवा चाक डुगडुगलं तर बेअरिंग गेलं. टायरची नक्षी नवी असली तरी बाजूच्या भिंतींवर भेगा असतात, त्या बघा. सोबत मोटर असेल तर ती तुम्ही यायच्या आधी सुरू करून ठेवलेली नसावी. झाकणाला हात लावून बघा, थंड हवं. सुरू झाल्यावर थंडाव्याच्या पाण्याची धार जोरात यायला हवी. मोटर असो-नसो, वल्ही लागतातच.

कागदांवरचा नंबर आणि होडीवर कोरलेला नंबर एकच आहे ना, ट्रेलरचे कागद कोणाच्या नावावर आहेत, हे पैसे द्यायच्या आधी बघा. 1998 नंतर युरोपात विकायला बनलेल्या होडीवर एक पाटी असते, तिच्यावर किती माणसं चालतील ते आणि होडी कसल्या पाण्यासाठी आहे त्याचं अक्षर लिहिलेलं असतं. 'डी' म्हणजे आडोशाचं शांत पाणी, 'सी' म्हणजे किनाऱ्यालगत, ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मापावर सहापर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटा. पाटीवर चार लिहिलं असेल तर पाचव्या माणसाला 'सरकून बस' म्हणायचं नाही.

एकदा पाण्यात नेऊन बघितल्याशिवाय सौदा नको. मध्यम वारा असू द्या. चालू होडीत क्षणभर सुकाणूचा दांडा आणि शिडाच्या दोऱ्या सोडून द्या. होडीने हळूच वाऱ्याकडे तोंड करून थबकायला हवं. ती वाऱ्यापासून उलट दिशेला वळून पळाली तर नवशिक्या घरासाठी ती होडी नाही.

भाव करताना शिडं, टायर, तारा आणि प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, मुलांचं पायांमधून पट्टा जाणारं, हे सगळं कागदावर मांडून बेरीज करा आणि ती वजा करून आकडा बोला. सौदा पक्का झाल्यावर, आधी नाही, सहज विचारा: "घरात अजून काही पडलंय का होडीचं?" माळ्यावरून जुनं पण बरं शीड, नांगर, ताडपत्री, सुकाणूची जादा खीळ असलं काहीबाही निघतं आणि विकणाऱ्याला ते डोळ्यांसमोरून घालवायचंच असतं.