पोराला कच्चं लिंबू करू नका, त्याच्यावर राज्य येऊ द्या

आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत संध्याकाळी सात-आठ पोरं असतातच. माझा धाकटा वॉकर घेऊन चालतो, सेरेब्रल पाल्सी आहे त्याला, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं हातापायांवर नीट ताबा राहत नाही. पहिल्यांदा खाली पाठवला तेव्हा पोरांनी लगेच घेतलं, मला तर भरूनच आलं, आणि चौथ्या दिवशी साहेब म्हणतात मी जाणार नाही. का रे? तर "मला कोण आऊटच करत नाही गं मम्मी."

कच्चं लिंबू केलं होतं त्याला. चांगल्या मनानंच, पण ज्याच्यावर राज्य येत नाही तो खेळात नसतोच, नुसता उभा असतो.

मग मी काय केलं ते सांगते. गल्लीतल्या सगळ्यात दंगेखोर पोराला वर बोलावलं, भडंग दिला आणि विचारलं, ह्याला पण आऊट करता येईल असा नियम काढ की. मी चार नियम विचार करून ठेवलेले, त्यानं दोन मिनिटांत काढला: ह्याच्यावर राज्य आलं की बाकीच्यांनी लंगडी घालत पळायचं. झालं! त्यामुळं नियम पोरांनाच काढू द्या, मोठ्यांनी सांगितलेला नियम दुसऱ्या दिवशी कोण पाळत नाही.

कुणी चीटिंग म्हणालं तर सांगा, अंधांच्या क्रिकेटमध्ये पूर्ण अंध बॅट्समनची रन डबल धरतात, बॉल अंडरआर्म टाकतात आणि तो आतून वाजतो. घरी तसा बॉल नसला तर साधा बॉल कॅरीबॅगमध्ये घालून गाठ मारा, सरपटत जाताना चांगला आवाज येतो. फक्त बाकीच्यांनी तेवढा वेळ गप्प बसायचं, आणि आपल्या गल्लीत अवघड काय असेल तर तेच.

ऐकू न येणारं पोर असेल तर शिट्टीच्या जोडीला रुमाल हलवा. गोंगाट सहन न होणाऱ्या पोराला आधी दोघा-तिघांतच खेळू द्या, वीस मिनिटं बास, संपायच्या पाच मिनिटं आधी सांगा, आणि मधेच उठून पायरीवर जाऊन बसला तर मागं लागू नका, येतो परत. हातात जोर नसेल तर बोचिया नावाचा बॉलचा खेळ बघा, १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. आधी एक पांढरा बॉल टाकायचा, त्याच्या जितकं जवळ आपला बॉल जाईल तितकं चांगलं, टाकता येत नसेल तर उतारावरून सोडायचा. आम्ही पीव्हीसी पाईप उभा चिरून उतार केलाय, आता सगळ्याच पोरांना पाईपनंच खेळायचं असतंय.

व्हीलचेअर असेल तर वाळू-गवत टाळा, फरशी किंवा डांबरी बघा. रंकाळ्याला न्यायचं तर रविवारी संध्याकाळी नको, भेळवाल्यांच्या गर्दीत चेअर वळत नाही. आणि चेअर ढकलायच्या आधी त्यालाच विचारायचं, हे पोरांना एकदा स्पष्ट सांगा. "हा असा का चालतो?" असं कुणी विचारलं तर दटावू नका, माझा पोरगा स्वतःच सांगतो, पाय माझं ऐकत नाहीत म्हणून.

परवा खालनं आरडाओरडा ऐकला. "रडीचा डाव खेळतोस व्हय रे!" माझ्याच पोराला म्हणत होते, आणि आऊट झालेला असून तो हटत नव्हता. मी गॅलरीपर्यंत गेले आणि परत येऊन भाकरी थापत बसले.