ऑक्टोबरातले तपकिरी माशीमार कसे ओळखावेत

सप्टेंबर सरत आला की महाराष्ट्रातल्या झाडीत लहान, तपकिरी, फारसे न बोलणारे पक्षी उतरू लागतात. यातल्या माशीमारांवर (इंग्रजीत फ्लायकॅचर) नवखे लोक सर्वांत जास्त अडतात. त्यांना सल्ला मिळतो तो ठरलेला : पुस्तक उघडा आणि रंग जुळवा. हा सल्ला या हंगामात कुचकामी आहे. पुस्तकात ठळक छापलेला असतो तो विणीच्या काळातला पूर्ण वाढीचा नर. ऑक्टोबरात आपल्या डोक्यावरच्या फांदीवर बसलेले बरेचसे पक्षी त्याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेले असतात आणि त्यांचा रंग अजून यायचा असतो. त्यात सकाळचं तिरपं ऊन राखाडीला तपकिरी करतं, आणि दाट पानांखालचा उजेड पांढऱ्या पोटावर हिरवट झाक टाकतो.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी सवय, मग चोच, पाय आणि शेपटीचं मूळ, मग आवाज. रंग सर्वांत शेवटी.

पहिली पायरी : उभे राहा. माशीमाराच्या मागे जाऊ नका. एशियन ब्राउन आणि स्पॉटेड या माशीमारांच्या दोन जाती. हे दोघं हवेत झेप घेऊन किडा पकडतात आणि बहुधा त्याच किंवा शेजारच्या फांदीवर परत येतात. ती फांदी सापडली की सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा आणि हलू नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढायचा प्रकार तर करूच नका. शेकडो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला खायला आणि विसावायला मिळालेला वेळ आपल्या यादीसाठी हिरावून घ्यायचा नसतो.

दुसरी पायरी : गट ठरवा. ताठ बसलेला, शेपटी खाली सोडलेला, मोठ्या काळ्या डोळ्यांचा पक्षी असेल तर तो एशियन ब्राउन, ब्राउन-ब्रेस्टेड किंवा स्पॉटेड यांच्यापैकी. शेपटी वारंवार वर झटकणारा, पंख जरा खाली पाडून बसणारा आणि शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दाखवणारा असेल तर रेड-ब्रेस्टेड किंवा टायगा, याही माशीमारांच्याच जाती. आडवा राहून पानापानांतून सतत सरकणारा, बारीक टोकदार चोचीचा पक्षी माशीमार नाहीच, तो पर्णवटवट्या (इंग्रजीत लीफ वॉर्ब्लर).

स्पॉटेड इथेच बाजूला काढता येतो. डोक्यावर आणि छातीवर बारीक रेघा, काळसर चोच, डोळ्याभोवती ठळक कडं नाही आणि बसल्यावर पंखांची टोकं लांब दिसतात. हा पक्षी मध्य आशियातून आफ्रिकेकडे जाताना पश्चिम भारतावरून जातो. कच्छमधले पक्षीनिरीक्षक सप्टेंबरात युरोपियन रोलर या दुसऱ्या स्थलांतरी पक्ष्यासोबत त्याचीही वाट बघतात ती याचमुळे. त्याचा मुक्काम थोडा असतो. ऐन डिसेंबरात कुणी स्पॉटेडची नोंद केली असेल तर फोटो मागा.

आता खरी अडचण. तिसरी पायरी म्हणजे चोच, पाय आणि शेपटीचं मूळ वाचणं. मला सर्वांत जास्त झगडायला लावलं ते इथेच, आणि बहुतेकांच्या नोंदी चुकतात त्याही इथेच.

चोचीपासून सुरुवात करा, पण वरच्या नाही, खालच्या चोचीपासून. एशियन ब्राउनची खालची चोच बुडाशी फिकट आणि टोकाकडे काळी असते. ब्राउन-ब्रेस्टेडची चोच एकूणच दणकट दिसते आणि खालचा भाग टोकापर्यंत फिकट, पिवळसर असतो. पक्षी उंच फांदीवर असेल तर तक्रार करू नका, खालची चोच खालूनच नीट दिसते. धोका आहे तो चकाकीचा. काळ्या चोचीवर ऊन तिरपं पडलं की तिची कड पांढरट चमकते आणि बघणारा खुशाल ‘फिकट चोच’ लिहून मोकळा होतो. पक्ष्याने मान वळवेपर्यंत थांबा. मान वळल्यावरही फिकट भाग त्याच जागी राहिला तर तो रंग. जागा बदलली तर ती चमक. फोटो काढत असाल तर मागे आकाश असताना एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर चोच आणि पाय दोन्ही काळे येतात आणि त्या फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही.

मग पाय. एशियन ब्राउनचे पाय काळसर, ब्राउन-ब्रेस्टेडचे फिकट, पिवळसर मांसल. या जोडीसाठी पायांवर माझा छातीच्या रंगापेक्षा कितीतरी जास्त भरवसा आहे. ‘ब्राउन-ब्रेस्टेड’ हे नाव वाचून लोक छाती बघत बसतात. पण एशियन ब्राउनच्या छातीवरही मळकट छटा असतेच, आणि कोवळ्या पक्ष्यांत ती कमीजास्त होते. पाय फिकट, खालची चोच पूर्ण फिकट, पांढऱ्या गळ्याच्या कडेने गडद मिशीरेघ आणि पंखांच्या कडांना तांबूस झाक, हे सगळं एकत्र जमलं तरच ब्राउन-ब्रेस्टेड म्हणा. हा पक्षी ईशान्य भारत आणि त्यापलीकडच्या डोंगरांत वीण करतो आणि हिवाळ्यासाठी पश्चिम घाटाचा दक्षिण भाग व श्रीलंका गाठतो, म्हणजे मधल्या मुलखात तो वाटेतच भेटतो. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘मुट्टुई’ हा शब्द मुट्टु या माणसावरून आलेला आहे. ब्रिटिश पक्षीअभ्यासक लेयार्डने 1854 मध्ये श्रीलंकेतल्या आपल्या या नोकराचं नाव पक्ष्याला दिलं.

आणखी एक फसवणूक इथेच सांगतो. पहिल्या हिवाळ्यातल्या एशियन ब्राउनच्या पंखातल्या काही पिसांची टोकं फिकट असतात आणि त्यांची मिळून एक पुसट पंखपट्टी दिसते. ती पट्टी पाहून दुर्मीळ पक्ष्याचा शोध लागल्यासारखं धावू नका. ती पक्ष्याचं वय सांगते, जात नाही.

रेड-ब्रेस्टेड आणि टायगा ही जोडी याहून अवघड. महाराष्ट्रात नेहमीचा तो रेड-ब्रेस्टेड. टायगा मुख्यतः ईशान्येकडे आणि पूर्व भारतात हिवाळा काढतो, आपल्याकडे तो कमी. पण ‘इथे टायगा येतच नाही’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. कमी येतो याचा अर्थ तपासायची गरज नाही असा होत नाही, उलट जास्त तपासायची गरज आहे असा होतो. मोबाइल ॲप ठिकाण आणि तारीख लक्षात घेऊन नाव सुचवतं, तेव्हा नेहमीच्या पक्ष्याकडे त्याचा कल असणारच. ते उत्तर म्हणून घेऊ नका.

या जोडीत बघायची जागा म्हणजे शेपटीच्या वरच्या बाजूला, बुडाशी असलेली आच्छादक पिसं. टायगात ती गडद काळी असतात, शेपटीइतकी किंवा शेपटीहून काळी. रेड-ब्रेस्टेडच्या मादीत आणि कोवळ्या पक्ष्यात ती तपकिरी, म्हणजे शेपटीहून फिकी. नरात ती गडद होतात, तरी शेपटीहून जास्त काळी होत नाहीत. तुलना नेहमी त्याच पक्ष्याच्या शेपटीशी करायची, आठवणीतल्या काळ्या रंगाशी नाही. आणि पक्षी पाठमोरा असतानाच करायची. समोरून ही पिसं दिसत नाहीत, बाजूने पंखाची सावली पडते आणि सावलीत तपकिरीही काळं दिसतं. शेपटी वर झटकताना पंख खाली पडतात, तो क्षण तुमचा. कॅमेरा असेल तर त्या झटक्याच्या वेळी सलग फोटो घ्या आणि घरी निवांत बघा.

सोबत चोच जोडा. रेड-ब्रेस्टेडची खालची चोच बुडाशी फिकट मांसल, टायगाची जवळपास पूर्ण काळी. मात्र कोवळ्या टायगातही बुडाशी थोडा फिकटपणा असू शकतो, म्हणून एकट्या चोचीवर निकाल देऊ नका. छातीवर पिवळसर मळकट झाक असेल तर कल रेड-ब्रेस्टेडकडे, करडी असेल तर टायगाकडे. पण हा नुसता कल, पुरावा नाही.

गळ्यावरचा लाल रंग कधी उपयोगी पडतो? रेड-ब्रेस्टेडच्या पूर्ण वाढलेल्या नराचा लाल गळा हिवाळ्यातही टिकतो आणि लाली छातीवर उतरते. टायगाचा नर विणीनंतर तो लाल रंग बहुतेक गमावतो. त्यामुळे नोव्हेंबरात छातीपर्यंत लालबुंद दिसणारा पक्षी बहुधा रेड-ब्रेस्टेड. लाल नसलेला पक्षी मात्र मादीच असेल असं नाही. रेड-ब्रेस्टेडच्या नराला पूर्ण लाली यायला एकाहून जास्त वर्षं लागतात, तेव्हा तपकिरी दिसला की डोळे मिटून ‘मादी’ लिहू नका. लालीच्या कडेने स्पष्ट काळी किनार असेल तर जपून नोंद करा, फोटो काढा. तो कश्मीर फ्लायकॅचर असू शकतो. काश्मीरच्या भागात वीण करून श्रीलंकेचे डोंगर आणि निलगिरीकडे जाणारा हा पक्षी संकटग्रस्तांत गणला जातो.

चौथी पायरी, आवाज. लाकडी कंगव्याच्या दातांवरून नख सावकाश फिरवावं तसा रेड-ब्रेस्टेडचा ‘टर्रर्र’. टायगाचा तोच प्रकार, पण इतका जलद आणि कोरडा की तुकडे वेगळे ऐकू येत नाहीत. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. धूसर फोटोपेक्षा दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग कधीही बरं.

निळ्या माशीमारांच्या माद्यांसाठी सोपा नियम : पाठीवर निळेपणा असेल आणि छाती केशरी असेल तर टिकेल्स, पाठ पूर्ण तपकिरी आणि गळा-छाती केशरट असेल तर ब्लू-थ्रोटेडचा विचार करा. पर्णवटवट्यांना डोळ्यांनी सोडवायचा हट्ट धरू नका, कान लावून त्यांचे आवाज शिका. अपवाद सल्फर-बेलीडचा : खोडावर आणि खडकांवर सरपटत चढणारा पिवळसर वटवट्या दिसला तर तोच.

नोंद करताना खालची चोच, पाय, शेपटीचं बूड आणि आवाज यांतलं काय प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं ते लिहा आणि जे दिसलं नाही ते ‘दिसलं नाही’ असंच लिहा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘रेड-ब्रेस्टेड/टायगा’ असा जोडपर्याय आहे, शेपटीचं बूड दिसलं नसेल आणि पक्षी गप्प बसला असेल तर तोच निवडा. पुराव्याशिवाय टायगा म्हणून टाकलेली नोंद नकाशावर गेली की पुढच्या माणसाला ती खरी वाटते, आणि ती काढायला नोंदी तपासणाऱ्यांचा वेळ जातो.