माऊस घेताना या चुका टाळा : काचेचा काउंटर, रुईचे तंतू आणि जळगावचं ऊन

सराफाच्या दुकानात बिलाचा कॉम्प्युटर बऱ्याचदा काचेच्या काउंटरवरच मांडलेला असतो. नवा माऊस जोडला की बाण थरथरतो, मध्येच अडकतो आणि मग शंका येते, माल डुप्लिकेट तर नाही ना? बहुतेक वेळा माल चांगलाच असतो. ऑप्टिकल माऊसच्या पोटात एक बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची चित्रं सेकंदाला शेकडो-हजारो वेळा टिपतो आणि त्यातला खडबडीतपणा किती सरकला यावरून बाण हलवतो. स्वच्छ काचेवर त्याला पकडायला काही सापडतच नाही.

माऊस परत करायला धावण्याआधी त्याच्याखाली एक साधा कागद ठेवा. कागदावर बाण नीट पळाला तर माऊस बदलू नका, काचेवर साधा कापडी पॅड टाका. काचेवर चालणारे माऊसही मिळतात, पण ते महाग असतात. लॉजिटेक कंपनीच्या, काचेवर चालणाऱ्या ‘डार्कफील्ड’ सेन्सरलाही काच किमान 4 मिलिमीटर जाड लागते. पॅड असताना एवढा खर्च कशाला?

बॉक्स बघून घेणं

चप्पल आपण मापाने घेतो, माऊस मात्र चित्र बघून. मनगटाच्या सुरकुतीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा. ढोबळमानाने 17 सेंटिमीटरच्या आत लहान हात, 17 ते 19 मध्यम आणि त्यापुढे मोठा. दिवसभर टॅलीत नोंदी करणाऱ्याच्या मध्यम हाताला 11 ते 12 सेंटिमीटर लांबीचा, पाठ थोडी उंच असलेला माऊस बसतो. लॅपटॉपच्या बॅगेसाठी बनवलेला चपटा, छोटा माऊस तासभर ठीक. त्यापुढे तळव्याला टेकू मिळत नाही, बोटं आखडून अधांतरी राहतात आणि संध्याकाळी कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो.

दुकानात डेमो पीस मागा. तळवा टेकला पाहिजे, पहिली दोन बोटं न ताणता बटणांवर आली पाहिजेत आणि करंगळी टेबलावर घासता कामा नये. ऑनलाइन घेत असाल तर वर्णनातले मिलिमीटर वाचा, फोटोवर जाऊ नका.

माऊस बरोबर, जागा चुकीची

खांदा दुखतो म्हणून माऊस बदलणारे पुष्कळ. पण नंबरपॅडवाल्या लांब कीबोर्डमुळे माऊस उजवीकडे दूर ढकलला जातो आणि हात सतत बाहेर ताणलेला राहतो, हे कुणी बघत नाही. कीबोर्ड डावीकडे सरकवा, ‘बी’ची कळ बेंबीसमोर आणा. कोपर अंगाजवळ आणि साधारण काटकोनात असावं.

आडत दुकानात किंवा वजनकाट्यावर सारखे आकडेच मारायचे असतील, तर माऊस डाव्या हातात घेऊन बघा. उजवा हात नंबरपॅडवरून उचलावाच लागत नाही. पहिले काही दिवस जड जातात, नंतर कामाला वेग येतो. मात्र त्यासाठी दोन्ही बाजू सारख्या असलेला माऊस हवा. अंगठ्यासाठी खाच दिलेला ‘एर्गोनॉमिक’ माऊस बहुधा उजव्या हातापुरताच असतो. विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये प्रायमरी बटण बदलता येतं.

उभ्या माऊसमध्ये हात हस्तांदोलनासारखा राहतो आणि अग्रबाहूचा पीळ कमी होतो. पण अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, त्यातही रात्री झोपमोड होत असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. तो माऊसने सुटणारा प्रश्न नाही.

डीपीआयचा मोह

डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला की तो किती ठिपके मोजतो तो आकडा. बॉक्सवरच्या 6400 ला भुलू नका. 1920 पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर, विंडोजचा वेग मधोमध ठेवला आणि माऊस सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद केलं, तर 800 डीपीआयला बाण या टोकापासून त्या टोकाला न्यायला सुमारे 6 सेंटिमीटर लागतात, 1600 ला 3. अरुंद काउंटरवर 1200 ते 1600 भरपूर झाले. त्याहून वर गेलं की एक्सेलचा बारीक चौकोन पकडताना हात आवळला जातो.

मे महिना आणि कपाशीचा हंगाम

भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा घामाने गुळगुळीत माऊस निसटतो, माणूस तो नकळत घट्ट धरतो आणि हात दुखायला लागतो. म्हणून चकचकीत नको. मऊ रबराचा थर दिलेलाही नको, कारण उष्णता आणि घामाने तो थर काही वर्षांत गुळासारखा चिकट होतो. खरबरीत, कडक प्लॅस्टिक सगळ्यात टिकाऊ. चिकट झालेला माऊस असेलच तर वायर किंवा सेल काढा, फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि खालचं प्लॅस्टिक लागेपर्यंत थर पुसून काढा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरलात तर प्लॅस्टिकच विरघळेल.

जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात हंगामात वेगळंच दुखणं. रुईचा एक तंतू सेन्सरच्या भोकात अडकला की बाण आपोआप सरकतो. माऊस उलटा करून चिमट्याने तंतू काढा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब भिंगावर बसतात.

वायरलेस अडखळतो

सेल बदलूनही फरक पडला नाही तर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचा माऊसचा छोटा रिसीव्हर, बघा. बहुतेक डोंगल 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि निळ्या यूएसबी 3 पोर्टमधून त्याच पट्ट्यात गोंगाट होतो. त्यात पोर्ट सीपीयूच्या मागे असेल तर पत्र्याचाही अडथळा. डोंगल पुढच्या काळ्या पोर्टमध्ये लावा किंवा एक्स्टेंशन केबलने टेबलावर आणा. दुकान आठवडाभर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल फुटून पत्रीवर पांढरी भुकटी जमली, तर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

एका क्लिकवर फोल्डर उघडायला लागलं तर आधी विंडोजमध्ये फोल्डर एका क्लिकवर उघडण्याचा पर्याय चालू तर नाही ना ते बघा. नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर माऊस जोडून सावकाश वीस क्लिक करा. तिथेही तेच झालं तर बटणाखालच्या स्विचची पत्री झिजली आहे. वॉरंटी चालू असेल तर स्क्रू शोधायला तळाचे पाय किंवा स्टिकर उचकटू नका, बिल घेऊन तसाच परत द्या.