जिना, भाकरी आणि गीझर : ऊर्जेचा हिशेब एकाच वहीत कसा मांडावा

महावितरणच्या बिलावर ऊर्जा युनिटमध्ये लिहिलेली असते, बिस्किटाच्या पुड्यावर किलोकॅलरीमध्ये आणि शाळेच्या पुस्तकात ज्यूलमध्ये. मापे वेगळी असल्यामुळे शरीर आणि यंत्रे निराळ्या नियमांनी चालतात असा समज सहज होतो. तो दूर करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे दोघांचा हिशेब एकाच वहीत, एकाच मापात मांडणे. त्यासाठी मोजपट्टीची टेप, वजनकाटा, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि राहत्या इमारतीचा जिना एवढे पुरते.

आधी मापे एकत्र आणावीत. १ किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल आणि विजेचे १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून १ युनिट सुमारे ८६० किलोकॅलरींबरोबर होते. ऊर्जा आणि शक्ती यांची गल्लत मात्र करू नये. एका सेकंदाला एक ज्यूल या वेगाने ऊर्जा वापरली गेली तर ती शक्ती एक वॅट. पंखा ७५ वॅटचा आहे हे शक्तीविषयीचे विधान झाले आणि तो दहा तासांत पाऊण युनिट वीज घेतो हे ऊर्जेविषयीचे. वहीत या दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत.

आता जिना मोजावा. एका पायरीची उभी उंची टेपने घ्यावी, ती तीन-चार ठिकाणी ताडून पाहावी आणि पायऱ्यांच्या संख्येने गुणावी. समजा, तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंतची उंची १२ मीटर भरली आणि कपडे, चपला व खांद्यावरची पिशवी धरून आपले वजन ६० किलो आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण (९.८) आणि उंची यांचा गुणाकार केला की ७,०५६ ज्यूल मिळतात. नेहमीच्या चालीने चढायला ३० सेकंद लागले तर शक्ती सुमारे २३५ वॅट होते. एक अश्वशक्ती ७४६ वॅटची, म्हणजे एवढा वेळ आपण जवळजवळ एक तृतीयांश अश्वशक्तीने काम करत असतो. कठड्याला धरून चढल्यानेही या आकड्यात फरक पडत नाही, कारण शरीर तेवढेच उंच जाते. फक्त पायांचे थोडे काम हात करतात. हृदयविकार, गुडघेदुखी किंवा गर्भारपण असल्यास हा प्रयोग दुसऱ्या कोणाला करू द्यावा आणि आपण घड्याळ सांभाळावे. धावत चढून आकडा वाढवण्यात काही साधत नाही.

हे ७,०५६ ज्यूल म्हणजे केवळ हाती आलेले काम. स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण २० ते २५ टक्के भागच अशा कामात उतरवू शकतात आणि उरलेल्याची उष्णता होते. म्हणून शरीराचा प्रत्यक्ष खर्च २८ ते ३५ हजार ज्यूल, म्हणजे सुमारे ७ ते ८ किलोकॅलरी धरावा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३४० किलोकॅलरी असतात. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत १७० झाल्या. एवढ्यात चार मजले वीस ते पंचवीस वेळा चढता येतात. खाल्लेले ‘जिरवण्यासाठी’ एकदा जिना चढणाऱ्याने हा आकडा जरूर लक्षात घ्यावा. चढण्याचे फायदे मोठे आहेत, पण ते हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांच्या खात्यावर मांडावेत.

याच प्रयोगात शरीर ऊर्जा कशी पुरवते हेही पाहता येते. वर पोहोचताच नाडी मोजावी, थांबून दोन मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि श्वास केव्हा पूर्ववत होतो याची नोंद करावी. चढणे थांबले तरी धाप लगेच थांबत नाही, याचे कारण पेशींच्या आतल्या व्यवहारात आहे. स्नायू थेट भाकरीवर चालत नाहीत. ते एटीपी नावाच्या रेणूवर चालतात. या रेणूचा साठा इतका थोडा असतो की नव्याने भर पडली नाही तर तो काही सेकंदांत संपेल. पहिली भर स्नायूंतच साठवलेले क्रिएटिन फॉस्फेट नावाचे संयुग घालते आणि जोराच्या कामात तीही दहा सेकंदांच्या आसपास ओसरते. त्याच वेळी स्नायूंतील ग्लायकोजेनचे, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचे, ऑक्सिजनविना विघटन वाढलेले असते, ज्यात ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे अवघे तीनच रेणू पदरात पडतात. ऑक्सिजनच्या साह्याने तोच ग्लुकोज पूर्ण जाळल्यास सुमारे तीस मिळतात, परंतु हा पुरवठा वेग घ्यायला मिनिट-दोन मिनिटे घेतो. अर्ध्या मिनिटाचा जिना त्याआधीच संपतो. वर गेल्यावरची धाप ही त्या वेळात केलेली उसनवारी फेडण्याची क्रिया आहे.

लांबच्या चढावर हा फरक अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून दुसरे मोजमाप पर्वतीवर घ्यावे. तिथे पायरीची उंची मोजत बसण्यापेक्षा फोनमधील हवेचा दाब दाखवणारी सुविधा वापरावी. पुण्याच्या उंचीवर दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की आपण साधारण ९ मीटर वर आलो असे धरता येते. वर जाईपर्यंत ऑक्सिजनचा पुरवठा कामाला लागलेला असतो आणि सरासरी वॅट जिन्यापेक्षा कमी येतात. सिंहगडाच्या पायवाटेवर ते आणखी उतरतात. दर १०० मीटर चढायला पंधरा मिनिटे लागली, तर ६० किलोच्या माणसाची शक्ती ६५ वॅट भरते. तासभर टिकणारी शक्ती आणि अर्धा मिनिट टिकणारी शक्ती यांतील हे अंतर वहीत शेजारी-शेजारी लिहावे.

स्वस्थ बसलेल्या शरीराचाही खर्च असतो. दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ किलोकॅलरी धरली तर ६० किलोचे शरीर ७० वॅटने चालत असते, म्हणजे छताच्या साध्या पंख्याएवढे. त्यातला पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. दिवसाच्या २,००० किलोकॅलरी विजेच्या भाषेत २.३ युनिट होतात.

घराची बाजू मोजताना विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा उपयोगी पडतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. ३,२०० छापले असेल, तर १,१२५ ला दोन लुकलुकण्यांमधील सेकंदांनी भागावे. येणारा आकडा त्या क्षणी घरात वापरल्या जाणाऱ्या शक्तीचा. फक्त पंखा चालू असताना पंधरा सेकंदांचे अंतर आले, तर ७५ वॅट. मीटरचे झाकण किंवा सील यांना हात लावू नये, बाहेरूनच पाहावे.

आता गीझरकडे वळावे. डिसेंबरात नळाचे पाणी २० अंशांवर आहे आणि १५ लिटरची बादली ४५ अंशांपर्यंत तापवायची आहे, असे समजू. १५ गुणिले ४,१८४ गुणिले २५, म्हणजे जवळजवळ १५ लाख ७० हजार ज्यूल लागतात. हे ०.४४ युनिट झाले आणि २,००० वॅटच्या गीझरला त्यासाठी तेरा मिनिटे पुरतात. जिन्याच्या ७,०५६ ज्यूलने भागले की उत्तर २२२ येते. एका बादलीच्या ऊर्जेत चार मजले दोनशेवर वेळा शरीर उचलले गेले असते! पाणी तापवणे हे काम किती महाग आहे, हे मला या एका भागाकाराइतके दुसऱ्या कशातूनही पटत नाही. सौर तापक असेल तर तो वापरावा, याला याहून वेगळे समर्थन लागू नये.

जिन्याचे सूत्र पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या पाण्यालाही जसेच्या तसे लागू पडते. ते पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याच्या वीजकेंद्रात सुमारे ५०० मीटर खाली सोडले जाते. १,००० लिटर पाणी एवढे उतरले की ४९ लाख ज्यूल मोकळे होतात आणि जलचक्रे व जनित्रे त्यातला साधारण ९० टक्के भाग विजेत उतरवतात, असे धरल्यास सव्वा युनिटच्या जवळपास वीज मिळते. आपल्या बादलीसाठी साडेतीनशे लिटरहून थोडे अधिक पाणी घाट उतरले पाहिजे. ही वीज थेट आपल्याच घरात येते असे नव्हे. उंचीतल्या ऊर्जेचे मोल कळावे म्हणून हे उदाहरण. त्या धरणाखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता, हेही त्या मोलातच धरावे.

शेवटचा रकाना उतरण्याचा ठेवावा. जिना उतरताना ७,०५६ ज्यूल परत मिळायला हवेत, पण स्नायू त्यांचे पुन्हा ग्लायकोजेन करू शकत नाहीत. विजेवरच्या काही दुचाकी उतारावर थोडी ऊर्जा बॅटरीत परत भरतात. आपले पाय मात्र ताणले जात शरीराला आवर घालतात आणि ती सारी ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून या रकान्यात जमेच्या बाजूला शून्य आणि उष्णतेच्या बाजूला चढण्याचाच आकडा लिहावा. उतरताना स्नायूंनी खर्च केलेले अन्न त्याखाली वेगळे मांडावे. ते चढण्याच्या खर्चाहून बरेच कमी असते.