एकत्र बसवलं म्हणजे टीम झाली? या चुका टाळा

मेडिकल, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपीची मुलं एका हॉलमध्ये बसवायची, दोन तास व्याख्यान द्यायचं, शेवटी ग्रुप फोटो. अहवालात याची नोंद 'आंतरव्यावसायिक शिक्षण' म्हणून होते. प्रत्यक्षात ते फक्त मोठ्या वर्गाचं व्याख्यान असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१० सालचा आराखडा सांगतो की, या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायला हवं. त्यातलं 'एकमेकांकडून' नेमकं गळून पडतं.

चर्चा एकच गट करतो, बाकीचे गप्प

माझ्या पहिल्या सत्रात मी छातीत दुखणाऱ्या रुग्णाची केस दिली होती. दहा मिनिटांत मेडिकलच्या मुलांनी ताबा घेतला. नर्सिंगची विद्यार्थिनी मुद्दे उतरवून घेत होती, फार्मसीचा मुलगा पेनाचं टोपण उघडझाप करत बसला होता. मी त्याला "बोल ना" म्हणत राहिलो. पण त्याने बोलायचं काय? केस निदानाची होती, निदान झालं आणि विषय संपला.

आता मी घरी सोडण्याची केस देतो. कंबरेच्या हाडाच्या ऑपरेशननंतर ६८ वर्षांच्या बाईंना उद्या डिस्चार्ज द्यायचा आहे. प्रत्येकाच्या हाती वेगळा कागद. डॉक्टरच्या कागदावर सगळे रिपोर्ट ठीक. फिजिओच्या कागदावर: झोपून बीपी १३०/८०, उभं राहिल्यावर दोन मिनिटांत १०४/६६, चक्कर. नर्सच्या कागदावर: रात्री चार वेळा लघवीला उठल्या, एकदा पलंगाचा कठडा धरून थांबल्या. फार्मसीच्या कागदावर: लघवी होण्याची गोळी रात्री आठला. एकेक कागद वाचला तर कुठलाच फारसा घाबरवत नाही. चारही जोडले की अंधारात पडणारी बाई दिसते. गोळीची वेळ आणि डोस पुन्हा बघायचा, घरी रात्री सोबत कोण असेल ते विचारायचं, हे गटाला आपोआप सुचतं. कागद दाखवायचा नाही, फक्त तोंडी सांगायचं, एवढा नियम मात्र कडक ठेवा. नाहीतर एक हुशार मुलगा चारही कागद गोळा करून वाचतो आणि आपण पुन्हा पहिल्या सत्रात.

एसबीएआर पाठ आहे, फोनवर जमत नाही

परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस: रुग्णाबद्दल सहकाऱ्याला कळवताना याच क्रमाने बोलायचं, म्हणजे एसबीएआर. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आलेली ही पद्धत परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. खऱ्या फोनवर शेवटची पायरी गिळली जाते. "पेशंटचा बीपी कमी आहे, सर," आणि पुढे शांतता. वरिष्ठाला 'तुम्ही हे करा' म्हणायची सवयच कुणी लावलेली नसते. म्हणून दोघांना पाठीला पाठ लावून बसवा, मिनिटभराचा कॉल करायला लावा आणि "तुम्ही आत्ता येऊन बघाल का?" असं काही कानावर पडेपर्यंत कॉल संपला असं मानू नका. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनाही कॉल करणाऱ्याच्या जागी बसवा. तिकडून "मग काय?" आलं की घसा कसा कोरडा पडतो, ते त्यांना तिथेच कळतं.

शिक्षकच टीम नाहीत

ही चूक कुणी कबूल करत नाही. सत्र दोघे घेतात, पण डॉक्टर-शिक्षक बोलतात आणि नर्सिंगच्या मॅडम हजेरी घेतात. मुलं स्लाइड विसरतात, हे विसरत नाहीत. सत्रानंतरच्या चर्चेची सूत्रं आलटूनपालटून द्या. दोघांचं एखाद्या मुद्द्यावर जमत नसेल, तर ते मुलांसमोरच बोलून सोडवा. मतभेद सभ्यपणे कसा मिटवायचा, हे आणखी कुठे बघायला मिळणार?

इतर किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

एका कोर्सची पहिल्या वर्षाची मुलं आणि दुसऱ्याची शेवटच्या वर्षाची एकत्र आणू नका, लहान गप्पच बसतात. एका कोर्सला गुण आणि दुसऱ्याला ऐच्छिक, असंही नको. 'सत्र आवडलं का?' हा फॉर्म भरून घ्या हवं तर, पण त्यावरून काही ठरवू नका. त्यापेक्षा महिन्याभराने वॉर्डात विचारा: या रुग्णाच्या फिजिओशी शेवटचं कधी बोललास, आणि काय ठरलं?

वेळापत्रक जुळत नाही ही तक्रार मात्र खरी आहे. चार कोर्सेसचा एक मोकळा तास वर्ष सुरू होण्याआधीच राखून ठेवला नाही, तर नंतर तो सापडत नाही.